ऐंशीव्या वर्षी मिळालेली संस्था

६ जुलै १९१७ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. एवढ्या थोर प्राध्यापकाचा सत्कार म्हटल्यावर शाल, श्रीफळ, मानपत्र आणि चार भाषणे एवढे तरी होणारच. पण भांडारकरांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी त्या दिवशी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक होता देशोदेशीच्या विद्वानांच्या लेखांचा गौरवग्रंथ. दुसरी होती त्यांच्या नावाची संस्था, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी सरकारने डेक्कन कॉलेजात ठेवलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह या नव्या संस्थेच्या हवाली केला. हा संग्रह १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि स्वतः भांडारकर अशा पंडितांनी गावोगाव फिरून जमवला होता. म्हणजे सत्कारमूर्तीने आयुष्यभर गोळा केलेल्या पोथ्या त्याच्याच नावाच्या वास्तूत येऊन पोचल्या.

मालवणात १८३७ साली जन्मलेले भांडारकर रत्नागिरीच्या शाळेत हेडमास्तर होते, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते आणि १८८२ ते १८९३ या काळात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. थोरांच्या एकसष्टीला किंवा पंच्याहत्तरीला लेखसंग्रह अर्पण करायची चाल जर्मन विद्यापीठांत रुळलेली होती, आणि संस्कृतच्या निमित्ताने पुण्याचा त्या विद्यापीठांशी घरोबा होता. पुण्याने ती चाल उचलली आणि तिला आपल्याकडच्या एकसष्टी-पंच्याहत्तरीच्या हौसेचे खतपाणी घातले.

गौरवग्रंथाचा साचा बघता बघता ठरून गेला. आधी समिती बसते आणि लेखकांना पत्रे जातात. लेख गौरवमूर्तीबद्दल नसतात; ज्याने त्याने आपल्या अभ्यासातला नवा, कुठेही न छापलेला तुकडा द्यायचा असतो. पहिल्या पानासमोर छायाचित्र, मग चरित्र, आणि त्याबरोबर गौरवमूर्तीच्या लेखनाची सूची. बाहेरच्या वाचकाला ही सूची रुक्ष वाटेल, पण जाणकार ग्रंथ हातात आला की आधी तीच उघडतात. कोणता लेख कोणत्या नियतकालिकात, कोणत्या वर्षी, कितव्या पानावर आला याचा पुरा हिशेब तिथे लागतो. वाढदिवस ठरल्या तारखेला येतो, ग्रंथ मात्र छापखान्याच्या सवडीने. साठीचा ग्रंथ पासष्टीला हातात पडला तरी या वर्तुळात कोणी भुवई उंचावत नाही.

संस्थेच्या बाबतीत काम लांबण्याचा प्रश्नच वेगळ्या पातळीवरचा होता. १९१८ मध्ये औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी लाखाची देणगी जाहीर केली. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते चिकित्सक आवृत्तीच्या, म्हणजे नाना पोथ्या ताडून जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीच्या, कामाला आरंभ झाला. ते काम संपायला १९६६ साल उजाडले.

या कामाचे हत्यार म्हणजे एक कागद. चौकटी आखलेल्या तक्त्यावर सगळ्यात वर प्रचलित पाठातली ओळ, एका चौकटीत एक अक्षर अशी लिहायची. डावीकडे एकाखाली एक हस्तलिखितांच्या खुणा. मग एकेक पोथी समोर घेऊन वाचायची. जिथे तिचे अक्षर वेगळे, तिथे त्या चौकटीखाली ते नोंदवायचे. पोथ्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. एका ओळीसाठी किमान दहा पोथ्या, पुष्कळ ठिकाणी वीस, काही भागांत तीस-चाळीस, आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांना तर साठ. सगळा पसारा धरला तर १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. एखाद्या कारकुनाच्या वहीसारखे दिसणारे हे तक्ते भरणाऱ्यांची नावे मुखपृष्ठावर आली नाहीत.

मुखपृष्ठावर नाव आले ते विष्णु सीताराम सुकथनकरांचे. केंब्रिजमध्ये गणित शिकून बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत संशोधनाकडे वळलेला हा माणूस ऑगस्ट १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला भांडारकर गेले. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण छापून झाले. कोणती पोथी कोणत्या घराण्याची, कुठला पाठ जुना आणि कुठला मागाहून घुसला हे त्याच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी जसे मांडले, त्याने जगभरच्या संस्कृतज्ञांचे लक्ष पुण्याकडे वळले. १९४३ च्या जानेवारीत ते मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर व्याख्याने देत होते. चौथे व्याख्यान व्हायचे राहिले. २१ जानेवारीला त्यांचे निधन झाले. एकसष्टीचा ग्रंथ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. सहकाऱ्यांनी त्यांचे विखुरलेले सगळे निबंध गोळा करून १९४४ आणि १९४५ मध्ये स्मृतिग्रंथाचे दोन खंड काढले.

त्या खंडांचे संपादक होते परशुराम कृष्ण गोडे. या गोष्टीतले हे सगळ्यात लोभस पात्र. देवरुखकडचे गोडे १९१९ मध्ये संस्थेत हस्तलिखितांचे क्युरेटर म्हणून आले आणि १९६१ मध्ये निवृत्त झाले. दुसऱ्यांचे गौरवग्रंथ काढण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. १९३९ मध्ये इंग्रज पंडित एफ. डब्ल्यू. थॉमस यांचा आणि १९४१ मध्ये पां. वा. काणे यांचा ग्रंथ त्यांनी सु. मं. कत्रे यांच्यासह संपादित केला. स्वतःच्या लेखांचा आकडा चारशेच्या वर गेला. विषय तरी किती? एखाद्या विस्मृत टीकाकाराचा काळ ठरवता ठरवता ते नथ आपल्याकडे कधी आली याचा माग काढत आणि जिलबीचा इतिहासही पोथ्यांतून शोधत. पोथी सांभाळणाऱ्याच्या हाताखालून रोज शेकडो पाने जातात. नोंदी ठेवायची शिस्त असली तर त्यातून काय उभे राहते, हे गोड्यांच्या लेखसूचीत दिसते. त्यांचा स्वतःचा गौरवग्रंथ १९६० मध्ये निघाला, निवृत्तीच्या एक वर्ष आधी.

काण्यांचा ग्रंथ तर या प्रथेचा खरा अर्थ उलगडतो. ७ मे १९४१ रोजी त्यांच्या एकसष्टीला तो अर्पण झाला. वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या काण्यांचे तोवर दोनच खंड झाले होते. पहिला १९३० चा, दुसरा त्याच १९४१ चा. ‘व्यवहारमयूखा’च्या संपादनाला जोडायची म्हणून लिहायला घेतलेली प्रस्तावना फुगत फुगत स्वतंत्र ग्रंथ झाली होती आणि ती अजून थांबायला तयार नव्हती. एकसष्टीचा सत्कार झाल्यावर माणूस आरामखुर्चीत बसतो. काणे पुढची एकवीस वर्षे लिहीत राहिले. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ मध्ये आला, एकूण पाने साडेसहा हजारांच्या पुढे गेली, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. हे सगळे खंड भांडारकर संस्थेनेच छापले. भारतरत्नाच्या बावीस वर्षे आधी ज्यांनी काण्यांसाठी लेख लिहून दिले, त्यांना संपलेल्या कामाचा गौरव करायचा नव्हता. चालू कामाला त्यांनी आपल्या परीने हातभार लावला होता.

समारंभ वर्षातून एखादाच. मधल्या काळात कोण काय करतो आहे हे कळायचे साधन म्हणजे संस्थेचे नियतकालिक, ‘अ‍ॅनल्स’. ते १९१९ पासून निघू लागले. त्यात लेखांबरोबर नव्या पुस्तकांची परीक्षणे येतात आणि गेलेल्या विद्वानांवरचे मृत्युलेखही येतात. अशीच गोष्ट नदीपलीकडे येरवड्याला घडली. १९३४ मध्ये सरकारने बंद केलेले डेक्कन कॉलेज माजी विद्यार्थ्यांनी कोर्टात झगडून वाचवले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी त्याचे ‘बुलेटिन’ही निघाले. पुरातत्त्वाचे हसमुख सांकळिया आणि समाजशास्त्राच्या इरावती कर्वे याच वर्षी तिथे रुजू झाले. पुढे भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन इरावतीबाईंनी ‘युगान्त’ लिहिले आणि त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका संस्थेतले तक्ते दुसऱ्या संस्थेतल्या प्राध्यापिकेच्या मराठी पुस्तकापर्यंत पोचले, ते असे.

दुसऱ्यांच्या कामाची नोंद ठेवणे हेच आयुष्यभराचे काम मानणारा माणूसही या परिसरात होता. साताऱ्याचे रामचंद्र नारायण दांडेकर १९३९ पासून पाच दशकांहून अधिक काळ संस्थेचे सचिव होते. लुई रनू या फ्रेंच पंडिताने वेदाभ्यासाची सूची १९३० पर्यंत आणून सोडली होती. दांडेकरांनी तिथून पुढचा धागा पकडला. जगात कुठेही, कोणत्याही भाषेत वेदांवर काही छापले गेले की त्याची विषयवार नोंद करायची. पहिला खंड १९४६ मध्ये आला आणि मग एकामागून एक खंड येत राहिले. पुणे विद्यापीठातल्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राची धुराही त्यांनी वाहिली. त्यांच्यासाठी १९८४ मध्ये ‘अमृतधारा’ हा गौरवग्रंथ निघाला.

या ग्रंथांवर आक्षेप नाहीत असे नाही. गौरवग्रंथात लेख देणे म्हणजे तो पुरून ठेवणे, अशी कुजबुज जुनी आहे. प्रती थोड्या, किंमत फार, आणि एका कव्हरात वैदिक स्वरांपासून मराठी नाण्यांपर्यंत सगळा मालमसाला. नाही म्हणायची पंचाईत झाल्याने दिलेला पातळ लेखही त्यात खपून जातो. आता त्यात गुणांची भर पडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला गुण असतात, म्हणून आयएसबीएन क्रमांक असलेला गौरवग्रंथ निघाला की लेखांचा पाऊस पडतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालासाठी भोरपासून जुन्नरपर्यंतच्या महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष प्राध्यापकांचे पुरस्कार, शोधनिबंध आणि चर्चासत्रे तक्त्यात भरून घेतो. पीएच.डी. झाली की स्टाफरूममध्ये पेढे वाटतात आणि दाराशी अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. त्यात वावगे काही नाही. गुणवत्ता कक्षाच्या तक्त्याला एकच मर्यादा आहे: निबंध कुठे छापला हे तो सांगतो, पण त्या निबंधावरून पुढे कोणी काय केले हे सांगायला त्यात रकाना नाही. गोड्यांच्या किंवा काण्यांच्या ग्रंथात पुढचे काम त्याच बांधणीत, शेजारच्या पानावर छापलेले असे.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी पुण्यात महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर केले. एकोणीस ग्रंथ, ८९ हजारांहून अधिक श्लोक. सुकथनकरांनंतर श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य प्रमुख संपादक झाले होते. यांपैकी बेलवलकर संस्था उभारणाऱ्या पहिल्या मंडळींतले. २००७ मध्ये संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. ‘अ‍ॅनल्स’चे जुने अंक आता जेस्टोर या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, त्यामुळे गोड्यांचा नथीवरचा लेख शोधायला विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या ग्रंथालयापर्यंत जावेच लागते असे नाही. मूळ पोथी पाहायची असेल तर मात्र तिथेच जावे लागते.