घराचें फाटक

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याच्या झडपांवरील अणकुचीदार खिळे आठवत असतील. हत्तीस धडक देतां येऊं नये, म्हणून ते ठोकलेले आहेत. आज कोणाच्याहि बंगल्यावर हत्ती चालून येत नाहीं. तरीहि फाटक जितकें जड आणि उंच तितकें चांगलें, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत घातक आहे. आजच्या फाटकाचा खरा शत्रु म्हणजे त्याचें स्वतःचेंच वजन होय. आणि तें कोसळलें, तर त्याखालीं सांपडण्याचें भय फाटकापाशीं खेळणाऱ्या लहान मुलास सर्वांत अधिक असतें.

फाटक ही एका बाजूस टांगलेली तरफ आहे. समजा, एक झडप ६ फूट रुंद असून तिचें वजन १०० किलो आहे, आणि तिच्या दोन बिजागऱ्यांमध्यें ३ फुटांचें अंतर आहे. झडपेचें वजन तिच्या मध्यावर, म्हणजे खांबापासून ३ फुटांवर, एकवटलें आहे असें धरलें, तर वरची बिजागरी १०० किलोंच्या जोरानें खांबापासून उपटली जात असते आणि खालची तितक्याच जोरानें खांबांत रेटली जात असते. हेंच अंतर साडेचार फूट ठेविलें, तर तो जोर सुमारें ६७ किलोंवर येतो. म्हणून बिजागऱ्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर बसवाव्या. आतां २० किलो वजनाचें मूल झडपेच्या मोकळ्या टोकास लोंबकळलें, तर पहिल्या रचनेंत वरच्या बिजागरीवर ४० किलोंचा जोर वाढतो. झोक्याचे हिसके निराळेच. फाटकावर झोके घेणाऱ्या मुलास दटावण्याचें कारण हें आहे.

याच हिशेबानें, त्याच घडणीची झडप दुप्पट रुंद केली, तर वजन दुप्पट होतें, तरफहि दुप्पट लांब होते आणि ओढ चौपट होते. मोटारीसाठीं १० ते १२ फुटांची वाट ठेवावयाची असल्यास एकच झडप न करितां दोन कराव्या. पायीं जाणाऱ्यांसाठीं शेजारीं लहान दार असावें. शनिवारवाड्याच्या मोठ्या दरवाजांतहि रोजच्या वापरास दिंडी आहेच. झडपा आंतल्या बाजूस उघडाव्या, म्हणजे रस्त्यानें जाणाऱ्यास धक्का लागत नाहीं.

चार काठ्या चार कोपऱ्यांत खिळ्यांनीं जोडल्या, तर ती चौकट सहज तिरकी होते. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र हलत नाहीं. यासाठीं लांकडी झडपेस बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा आधार द्यावा. तो उलट बसविला, तर सांधे उकलूं लागतात.

पुष्कळदां फाटक वांकडें झालें म्हणून लोहारास बोलावितात. पण दोष खांबाचा असतो. काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि वरवर रोवलेला खांब तिच्याबरोबर झुकतो. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा. काँक्रीट भरल्यावर निदान ७ दिवस पाणी मारावें आणि तें चांगलें घट्ट झाल्यावरच झडप टांगावी.

सागवान टिकाऊ खरें; परंतु कोणतेंहि लांकूड पावसांत फुगतें, म्हणून दोन झडपांत थोडी फट ठेवावी. लोखंड मजबूत, पण त्यास गंजाचें भय. कोंकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यानें तें लवकर खातें. तेथें जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड घेणें हिताचें. पोकळ नळ्यांत पाणी सांचून त्या आंतून कुजतात. यास्तव त्यांचीं वरचीं तोंडें बंद करून खालीं पाणी निघण्यास भोंक ठेवावें.

जागा अपुरी असल्यास रुळावरून सरकणारें फाटक बसवितात. त्यास बिजागरी नसते, म्हणून तें निर्धोक समजूं नये. रुळाच्या दोन्ही टोकांस भक्कम अटकाव आणि झडप उभी धरणारा वरचा आधार, यांपैकीं एक जरी निखळला, तरी सगळी झडप आडवी पडते. विजेनें चालणाऱ्या फाटकास वाटेंत कांहीं आडवें येतांच थांबविणारी योजना हवी, आणि वीज गेल्यावर तें हातानें उघडण्याची सोय घरांतील सर्वांस ठाऊक हवी.

निगा थोडीच लागते, पण ती चुकवूं नये. महिन्यांतून एकदां खांब हलवून पाहावा, बिजागऱ्यांचे सांधे व रुळाचे अटकाव तपासावे. झडप जमिनीस घासूं लागली, तर ती उचलून लोटण्याची संवय लावून घेऊं नये. तें दुरुस्तीचें बोलावणें आहे. वैशाखांत गंज खरवडून, आधीं गंजरोधक व मग वरचा रंग द्यावा. पावसांत बिजागरीचें तेल धुवून जातें, तें दसऱ्याच्या सुमारास पुन्हां घालावें. त्या दिवशीं दारास झेंडूचें तोरण बांधावयाचेंच असतें. त्याच वेळीं तेलाचे चार थेंब बिजागऱ्यांसहि मिळावे. फाटक वाजावयाचें थांबेल.