जुन्या वास्तव्याचा पुरावा : हिंगोली जिल्हा आणि निजामकालीन अभिलेख

प्रस्तावना :

व्यक्ती अथवा तिचे पूर्वज एका विशिष्ट दिनांकास कोठे राहत होते, हा प्रश्न आधुनिक राज्यव्यवस्थेत अनेक हक्कांच्या मुळाशी असतो. नागरिकत्वाच्या अर्जात या प्रश्नाचे सर्वात सोपे उत्तर म्हणजे जुना पासपोर्ट होय. तो नसल्यास अन्य कागदांचा आधार घ्यावा लागतो. केंद्र शासनाने ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित केलेल्या नागरिकत्व नियमांत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या विशिष्ट समुदायांच्या अर्जदारांसाठी शिधापत्रिका, शाळेचा दाखला, जमिनीचे अभिलेख, विमा पॉलिसी इत्यादी पर्याय स्वीकारले आहेत. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात बहुसंख्य कुटुंबांच्या मागील पिढ्यांनी पासपोर्ट कधी पाहिलेलाही नाही. तेथे हाच प्रश्न जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने उभा राहतो. प्रस्तुत लेखात या पुराव्याचे स्वरूप, त्याची साधने व मर्यादा यांचा आढावा घेण्यात आला आहे.

मानीव दिनांकाची संकल्पना :

महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळविण्यासाठी केवळ जात सिद्ध करून भागत नाही. संबंधित प्रवर्गासाठी निश्चित केलेल्या दिनांकास अर्जदार किंवा त्याचे पूर्वज राज्याच्या आजच्या भूप्रदेशात राहत होते, हेही दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. पहिले दोन दिनांक राष्ट्रपतींच्या आदेशांचे असून पुढील दोन राज्य शासनाच्या याद्यांशी निगडित आहेत.

या अटीमागील तर्क असा की, मागासलेपण हे विशिष्ट प्रदेशातील सामाजिक स्थितीशी जोडलेले मानले जाते. मरी चंद्रशेखर राव प्रकरणात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या व्यक्तीस नव्या राज्यात आपोआप सवलत मिळत नाही, असे स्पष्ट केले. जात प्रमाणपत्रविषयक महाराष्ट्र अधिनियम, २००० (सन २००१ चा अधिनियम क्रमांक २३) याच्या कलम ८ नुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अधिवास प्रमाणपत्र अलीकडील सलग वास्तव्य दर्शविते. त्यासाठी सामान्यतः १५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. मानीव दिनांकाचा पुरावा मात्र वडील, आजोबा किंवा पणजोबांच्या काळातील असतो. आधार कार्ड तर कायद्यानेच नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा मानले गेलेले नाही.

हिंगोलीचे वेगळेपण :

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजेच १९५० चा मानीव दिनांक हैदराबाद राज्यात, १९६१ व १९६७ चे दिनांक महाराष्ट्रात आणि अर्ज मात्र आजच्या हिंगोलीत, अशी स्थिती आहे.

याचे तीन व्यावहारिक परिणाम होतात. पहिला, जुने अभिलेख परभणी येथे, तर संस्थानच्या मध्यवर्ती कचेऱ्यांचे कागद हैदराबाद येथे असण्याची शक्यता असते. सेनगाव व औंढा नागनाथ हे तालुके नंतर निर्माण झाल्याने तेथील गावांच्या नोंदी जुन्या तालुक्यांच्या दप्तरात शोधाव्या लागतात. दुसरा, नोंदी उर्दूत व काही ठिकाणी मोडी लिपीत आहेत. तिसरा, त्यांवर फसली सन असतो. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन मिळतो; उदाहरणार्थ, फसली १३४० म्हणजे १९३०-३१. हा हिशेब चुकला तर मानीव दिनांकापूर्वीची नोंदही निरुपयोगी ठरू शकते.

पुराव्याची साधने :

१) महसुली अभिलेख : खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हक्क नोंद पत्रक व फेरफार. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यान्वये झालेल्या संरक्षित कुळांच्या नोंदी विशेष उपयुक्त आहेत. कारण त्यांत मालक नसलेल्या कसणाऱ्याचेही नाव येते.

२) शैक्षणिक अभिलेख : शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर. यात जात, जन्मस्थळ व पालकाचे नाव एकत्र मिळते.

३) जन्म-मृत्यूच्या नोंदी : गाव नमुना क्रमांक १४, म्हणजेच कोतवाल बुक.

४) नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, १९५१ : १९५१ च्या जनगणनेच्या आधारे तयार झालेले हे रजिस्टर काही तहसील कार्यालयांत आढळते. मूळ जनगणनेची वैयक्तिक माहिती मात्र १९४८ च्या जनगणना अधिनियमातील कलम १५ मुळे पुरावा म्हणून वापरता येत नाही.

या कागदांतील पूर्वजाशी अर्जदाराचे नाते जोडण्यासाठी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. जुन्या नोंदींत बहुधा आडनाव नसते. केवळ नाव व वडिलांचे नाव असते. त्यामुळे वंशावळीतील प्रत्येक दुव्यास स्वतंत्र कागद जोडणे हितावह ठरते. आनंद प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांचे पुरावामूल्य अधिक असल्याचे म्हटले आहे. जिल्ह्यातील आंध जमातीच्या अर्जदारांच्या दृष्टीनेही हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

कागद नसलेल्यांचा प्रश्न :

वरील साधनांचा क्रम पाहता एक विसंगती ध्यानात येते. ज्याच्याकडे जमीन होती त्याचे नाव महसुली दप्तरात आले. जो शाळेत गेला त्याचे नाव रजिस्टरमध्ये आले. भूमिहीन शेतमजूर, सालगडी किंवा तांड्यासह फिरणारे कुटुंब यांची नोंद घेण्याचे प्रयोजनच राज्ययंत्रणेस नव्हते. ज्यांच्यासाठी सवलतीची तरतूद झाली, त्यांच्याकडेच पुरावा सर्वात कमी असतो.

अशा प्रकरणांत स्थानिक चौकशी महत्त्वाची ठरते. माधुरी पाटील प्रकरणातील (१९९४) निर्देशांनुसार दक्षता पथक गावी जाऊन पालक, नातेवाईक व परिचितांची माहिती घेते. याच दिशेने, २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी गावपातळीवरील समितीची तरतूद करण्यात आली. शेतजमिनीच्या मालकीचा पुरावा नसल्यास, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी अर्जदार किंवा त्याचे पूर्वज त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र देण्याची मुभा त्यात आहे. या निर्णयास न्यायालयात आव्हानही देण्यात आले. त्याच्या गुणदोषांचा विचार येथे अभिप्रेत नाही. तथापि, कागदाच्या अभावी शपथेवरील कथन व स्थानिक चौकशी यांना स्थान देण्याची गरज त्यातून अधोरेखित होते.

समारोप :

हिंगोलीतील अर्जदाराच्या दृष्टीने जुने वास्तव्य सिद्ध करणे म्हणजे तीन राज्यव्यवस्थांच्या दप्तरांतून एका कुटुंबाचा माग काढणे होय. उर्दू व मोडी जाणणाऱ्यांची संख्या घटत आहे आणि जुने कागद जीर्ण होत आहेत. म्हणून अभिलेखांचे लिप्यंतर, गावनिहाय सूची व फसली सनाचे इसवी रूपांतर ही कामे तातडीने होणे आवश्यक आहे. त्याचबरोबर, नोंद न सापडणे म्हणजे वास्तव्य नसणे नव्हे, हे तत्त्व चौकशी यंत्रणेने लक्षात ठेवले पाहिजे. अन्यथा एकेकाळी दप्तराबाहेर राहिलेले कुटुंब नातवाच्या पिढीतही दप्तराबाहेरच राहील.