वज्रदेही मारुती आणि हनुवटीचा घाव

चैत्री पौर्णिमेची पहाट. देवळात कीर्तनकारबुवा जन्माख्यानापर्यंत येऊन पोहोचतात, पूर्वेला सूर्यबिंब वर येते, फुले उधळली जातात, पाळणा हलतो आणि सुंठवडा हातोहात फिरू लागतो. शेजारच्या तालमीतील तरुण पोरे तेवढ्या पहाटे जोर-बैठका आटोपून मारुतीरायापुढे हात जोडून उभी असतात. महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ आणि तालीम यांचा शेजार फार जुना. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात सातारा, सांगली, कोल्हापूरकडील मुलखात अकरा मारुती स्थापिले, आणि बलोपासना हा आमच्या धर्माचरणाचाच एक भाग होऊन बसला.

पुरुषाने देह कसा राखावा, हे आम्ही या देवाकडूनच शिकलो. मात्र शिकताना त्याच्या चरित्रातील एक गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरलो, असे आम्हांस वाटते.

नावात दडलेली जखम

‘हनु’ म्हणजे जबडा. उगवता सूर्य फळ समजून बाळाने झेप घेतली, इंद्राने वज्र फेकले आणि बालकाचा डावा जबडा मोडला. त्यावरूनच हनुमान हे नाव पडले. ज्याला आम्ही वज्रदेही म्हणतो, त्याचे नावच वज्राच्या घावातून आलेले आहे! पुढची कथा तर अधिकच हृद्य. घायाळ लेकराला मांडीवर घेऊन वायुदेव गुहेत बसला. त्याने वाहणेच थांबविले. त्रैलोक्याचा श्वास कोंडला, तेव्हा ब्रह्मदेव धावत आले आणि त्यांच्या हस्तस्पर्शाने बाळ पुन्हा सावध झाले. लेकराचे दुखणे लपवावे, असे त्या पित्याला क्षणभरही वाटले नाही.

सीतेच्या शोधात सारे वानर समुद्रकाठी हताश बसले असता जांबुवंताने मारुतीला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून दिली. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडातील त्या भाषणात हा मोडलेला जबडाही आहे. जखमेचा उल्लेख गाळून बळाची आठवण देता येते, असे त्या वृद्धाला वाटले नाही.

मातीतले शहाणपण

जुन्या तालमीत हे शहाणपण काही अंशी होते. हौद्यातील लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळीत. पडणाऱ्याचे अंग सोलवटू नये, ही त्यामागची काळजी. मेहनत झाल्यावर पोरे एकमेकांचे अंग रगडून देत. वस्तादांच्या हाताला कुणाचा खांदा उतरला आहे, कुणाची पाठ आखडली आहे, हे न सांगता कळे. आमच्या समाजात पुरुषाने पुरुषाच्या देहाची निःसंकोच निगा राखावी, अशा जागा फार थोड्या. तालीम ही त्यांपैकी एक.

पण तेथेही एक भेद होताच. कुस्तीत चुरगळलेला कान पैलवान अभिमानाने मिरवितो. गुडघा मात्र लपवितो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला मिळविलेले कांस्यपदक आम्हांस तोंडपाठ आहे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ ची मेलबर्नची संधी हुकली, हे किती जणांच्या स्मरणात आहे?

घरोघरीचे पुरुष याहून वेगळे नाहीत. छातीत कळ आली तर ‘वात असेल’ म्हणायचे, साखर तपासायला सांगितले तर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणायचे. आम्हीही त्यांतलेच. बायकोने हट्टाने दवाखान्यात नेईपर्यंत हललो नाही, असे सांगणारे पुरुष प्रत्येक आळीत भेटतात. ज्यांना ते सांगायची संधीच मिळाली नाही, असेही असतात.

आता तालमींची जागा आरसे लावलेल्या व्यायामशाळांनी घेतली आहे. व्यायाम चांगलाच, परंतु झटपट दंड फुगविण्यासाठी स्टिरॉइडची इंजेक्शने टोचून घेणारी पोरेही तेथे आढळतात. ही औषधे हृदयाला आणि यकृताला इजा करतात, इतकेच नव्हे तर प्रजननशक्तीही खच्ची करतात. मर्दानीपणाच्या हव्यासापायी देहाशी मांडलेले हे वैरच नव्हे काय?

दोन मारुती

चाफळला श्रीरामाच्या मंदिरासमोर दास मारुती हात जोडून उभा आहे आणि मंदिरामागे प्रताप मारुती आहे. दोघांचीही स्थापना समर्थांचीच. आम्ही पुरुषांनी मागचा तेवढा उचलला. समोरच्याचे जोडलेले हात मात्र आमच्या अंगवळणी पडले नाहीत. ‘माझ्याच्याने होत नाही, मला दुखते आहे’ असे म्हणायला नेमके तेच हात लागतात.

आज मारुतीला तेल वाहताना, रुईची माळ घालताना त्याच्या हनुवटीकडे एकदा निरखून पाहावे. मग सुंठवडा घेऊन घरी आल्यावर, वडिलांना, भावाला किंवा तालमीतल्या जुन्या जोडीदाराला विचारावे, “गुडघा कसा आहे?” आणि त्यांनी उलट आम्हांस तेच विचारले, तर “बरा आहे” असे न म्हणता खरे काय ते सांगावे.