टिकटिक (१४) : ‘ऑल ओरिजिनल’

घड्याळ टपालाने पाठवताना त्याची बांधाबांध कशी करायची, हे या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. तो विषय पुढे ढकलतो. लेस्टरहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय, सोबत भरपूर फोटो आहेत, आणि त्यांना उत्तर हवंय ते मुदत संपायच्या आत.

हकीकत अशी. ताईंचे वडील ऐन तारुण्यात आखातात नोकरीला होते. तिथल्या पहिल्या पगारातून त्यांनी सेको फाइव्ह घेतलं. पुढे ते लोकलच्या गर्दीत गेलं. वडिलांच्या पंच्याहत्तरीला तसंच घड्याळ द्यावं म्हणून ताईंनी ईबेवर बोली लावली आणि अठ्ठेचाळीस पौंडांना लिलाव जिंकला. माल निघाला मुंबईहून. वर्णन होतं : ‘व्हिंटेज सेको फाइव्ह, ऑल ओरिजिनल, सर्व्हिस्ड, एक्सलंट कंडिशन’. हातात आलं ते मोरपिशी डायलचं, काल छापल्यासारखं चकचकीत, आणि दिवसाला वीस मिनिटं पुढे पळणारं. तिथल्या दुरुस्तीवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, हसला आणि म्हणाला, ‘मुंबई स्पेशल’. ताईंनी विकणाऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं : दहा पौंड परत देतो, तक्रार मिटवा आणि चांगला शेरा द्या. ताई विचारतात, घ्यावेत का?

घेऊ नका. का, ते सांगायला जरा वळसा घ्यावा लागेल.

‘मुंबई स्पेशल’ हे नाव जगभरच्या घड्याळवेड्यांनी ठेवलंय. मुंबईकर म्हणून ते मला टोचतं, पण खोटं आहे असं म्हणता येत नाही. एका घड्याळाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे, आणि डायल पुसून नव्याने रंगवलेलं, अशी ही जोडणी असते. नवल म्हणजे या कामाची सुरुवात फसवणुकीतून झालेली नाही. आपल्याकडे घड्याळ वेळ बघायला होतं. पावसाळ्यात काचेच्या आत ओल शिरायची, डायलवर काळे डाग पडायचे, आकडे उडायचे. मालक ते घेऊन दुकानात जायचा आणि ‘नवं करून द्या’ म्हणायचा. आतलं मशीन चांगलं असताना निव्वळ डायल खराब झालं म्हणून घड्याळ टाकून देणं कुणाला परवडत होतं? फावर-ल्युबा, वेस्ट एंड, सेको, एचएमटी, सगळ्यांची डायलं अशी पुन्हा रंगली. त्यातली काही कामं इतकी नेटकी आहेत की मी ती मुद्दाम जपून ठेवली आहेत.

बिघडलं ते पुढे. परदेशातून मागणी आली आणि मालकाच्या सांगण्यावरून रंगणारं डायल गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी रंगू लागलं. एचएमटी घड्याळांचा कारखाना बंद करायला २०१६ च्या जानेवारीत सरकारने मंजुरी दिली, तेव्हा ज्यांनी मनगटावर कधी एचएमटीचं ‘जनता’ बांधलं नव्हतं तेही ते शोधू लागले. मग पोपटी, भगवी, गुलाबी अशी डायलं लिलावात दिसायला लागली आणि प्रत्येकाखाली एकच ओळ, ‘ऑल ओरिजिनल’. डायल रंगवणं हा गुन्हा नाही. रंगवलेल्याला मूळ म्हणून विकणं, तिथे भांडण आहे.

आता ताईंचे फोटो. पाठीच्या झाकणावर ७००९ ने सुरू होणारा क्रमांक आहे. सेकोच्या पाठीवर पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. त्याखेरीज एक सहा अंकी अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी. मात्र दशक कुठलं ते त्यातून कळत नाही, ते मॉडेलवरून ताडायचं. हे झालं पाठीचं. पोटाकडे बघा. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक क्रमांक असतो. नुसत्या डोळ्यांना तो रेघ वाटतो. ताईंनी फोनचा कॅमेरा भिंगाला लावून त्याचा फोटो काढला (शाब्बास!) आणि तिथे दिसतंय ६३०९. म्हणजे झाकण एका जातीचं आणि डायल दुसऱ्या जातीचं. हे काही कारखान्याने केलेलं नाही.

त्या फोटोत अजूनही मजा आहे. मिनिटांच्या बारीक रेघा वर चिकटवलेल्या धातूच्या खुणांशी जुळत नाहीत. चारच्या खुणेपाशी रेघ सरळ खुणेच्या बाजूने निसटून गेली आहे. तारखेच्या खिडकीच्या कडेवर निळा रंग चढून सुकला आहे. अक्षरांच्या कडा मूळ छपाईत ब्लेडने कापल्यासारख्या असतात, इथे त्या फुगल्या आहेत. ‘ऑटोमॅटिक’मधल्या दोन अक्षरांची उंचीसुद्धा एक नाही. स्विस घड्याळ असेल तर आणखी एक जागा बघायची : सहाच्या खाली, डायलच्या काठाशी, ‘स्विस मेड’ आहे का आणि मधोमध आहे का. रंगवणारा ते दोन शब्द हमखास विसरतो किंवा वर सरकवतो.

तर घड्याळ जोडलेलं आहे, यात शंका नाही. पण नुसतं जोडलेलं असणं ही तक्रार होत नाही, आणि मला या लेखात खरं सांगायचंय ते हेच. वर्णनातले तीन दावे वेगळे करा. ‘एक्सलंट कंडिशन’ हे मत झालं, त्याच्या डोळ्यांना एक्सलंट वाटत असेल. ‘सर्व्हिस्ड’ म्हणजे कुणी उघडलं, धुतलं, तेल घातलं, की नुसतं झाकण काढून फुंकर मारली? तो म्हणेल केलं, तुम्ही म्हणाल नाही केलं, आणि निवाडा करणाऱ्याला दोन्ही सारखंच. दिवसाला वीस मिनिटं पुढे पळतंय हेही पकडून बसू नका, विमानप्रवासात चुंबकत्व आलं असेल, तुमच्याकडे स्पीकरजवळ ठेवलं असेल, शंभर सबबी निघतात. राहिला ‘ऑल ओरिजिनल’. हा दावा खरा किंवा खोटा, मधलं काही नाही, आणि तो खोटा असल्याचं दोन फोटोंत दिसतं. तेवढाच धरा. बाकी सगळा राग पत्रातून काढून टाका.

हे लोकांना जमत नाही. तक्रारींची जी पत्रं माझ्याकडे वाचायला येतात, त्यात ‘तुम्ही फसवलंत, आमच्या भावनांशी खेळलात, माझे वडील रडले’ असं पानभर असतं आणि मुद्द्याचं एक वाक्य शेवटी. ताईंनी लिहावं ते इतकंच : ‘वर्णनात ऑल ओरिजिनल असं म्हटलं आहे. पाठीच्या झाकणावर ७००९ आहे, डायलवर ६३०९ आहे. डायल पुन्हा रंगवलेलं आहे. फोटो एक, दोन, तीन पाहा. पूर्ण रक्कम परत हवी.’ चार-पाच वाक्यं, आणि विकणाऱ्याचेच शब्द त्याच्यासमोर.

अर्थात त्याआधी ताईंनी एक काम करायचं : लिलावाचं पान खालपर्यंत वाचायचं. चतुर विक्रेता वर ‘ओरिजिनल’ लिहितो आणि खाली, तपशिलाच्या रकान्यात किंवा शेवटच्या बारीक ओळीत, ‘डायल रिफिनिश्ड’ असं टाकून ठेवतो. तसं असेल तर तक्रार लंगडी होते. ताईंनी पाठवलेल्या पानात तसं काही मला दिसलं नाही. आणि त्या पानाचे फोटो आजच काढून ठेवा, लिलाव संपल्यावर पान कायम दिसत राहील अशी खात्री नसते.

आता दहा पौंडांकडे येऊ. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत माल मिळाल्यापासून तीस दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. विकणाऱ्याला उत्तर द्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात, त्यानंतर ईबेला मध्ये घेता येतं. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर विकणाऱ्याने ‘परत घेणार नाही’ असं लिहिलेलं असलं तरी चालत नाही, आणि परतीचा खर्चही त्याचाच. पण थोडे पैसे परत घ्यायला तुम्ही एकदा हो म्हणालात की प्रकरण मिटलं असं धरलं जातं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ते दहा पौंड इतक्या तत्परतेने येतात. शिवाय ‘चांगला शेरा द्या’ ही अट घालून पैसे देणं ईबेच्या नियमात बसतच नाही. त्याचा तो निरोप संदेशपेटीत आहे ना, तो पुसू नका. २००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा देता येत नाही, तेव्हा सूड उगवेल ही भीतीही नको.

आणि घड्याळ उघडू नका. तिथल्या दुरुस्तीवाल्याने भिंगातून पाहिलं, झाकण काढलं नाही, ते बरं झालं. एकदा झाकण निघालं की समोरचा म्हणणार, माझं मशीन काढून घेऊन दुसरं बसवलंत. उघडणं भागच पडलं तर आधी, मध्ये आणि नंतर सलग चित्रण करा. प्रकरण नोंदवल्याशिवाय माल परत धाडू नका, आणि धाडाल तेव्हा माग काढता येईल अशाच टपालाने. सीमाशुल्काच्या फॉर्मवर ‘परत जाणारा माल’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर विक्रेता शुल्काच्या नावाने पार्सल नाकारेल आणि घड्याळ दोन देशांच्या मध्ये हेलपाटे घालत बसेल.

ईबेवरच्या महागड्या घड्याळांना तज्ज्ञांकडून तपासून मगच पाठवायची सोय २०२० पासून आहे. अठ्ठेचाळीस पौंडांच्या सेकोला ती लागू नाही. गंमत बघा, वीस हजारांच्या नकली रोलेक्सच्या कथा सगळे सांगतात, पण जोडकाम जास्त होतं ते या स्वस्त घड्याळांत. तपासायला कुणी नाही, आणि एवढ्याशा पैशांसाठी भांडायला गिऱ्हाईक तयार नाही, हा धंद्याचा हिशोब आहे. ताई भांडतायत म्हणून मला त्यांचं कौतुक.

इथे काही वाचक म्हणतील, हे सगळं ईबेच्या दयेवर. कायदा काय म्हणतो? म्हणतो, आणि बऱ्यापैकी स्पष्ट म्हणतो. आपला मालविक्री कायदा १९३० चा, त्याचा साचा १८९३ च्या इंग्रजी कायद्याचा. कलम १५ सांगतं, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम ४१ माल तपासायला वाजवी संधी देतं, आणि ४२ मधली मेख अशी की वाजवी काळ उलटूनही गप्प राहिलात तर माल स्वीकारला असं धरलं जातं. मला स्वतःला सर्वांत आवडतं ते ४३ : माल नाकारायचा हक्क असताना तुम्ही नाकारलात, तर तो परत पोचवायची जबाबदारी तुमच्यावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरेसं. ‘तुम्हीच स्वखर्चाने पाठवा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे एकदा ऐकवून बघा. इंग्लंडात १९७९ च्या कायद्याचं कलम १३ घरगुती विक्रेत्यालाही लागू आहे. दर्जाची हमी त्याने दिलेली नसते, वर्णनाची मात्र असतेच. पण लेस्टरहून मुंबईच्या विक्रेत्यावर अठ्ठेचाळीस पौंडांचा दावा कुणी लावत नाही. कायदा पाठीशी असू द्या, काम ईबेच्या तक्रारीतच होईल.

इथल्या वाचकांचं दुखणं निराळं. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. तिथे पैसापे होतं, माल हाती पडेपर्यंत पैसे मध्येच थांबायचे. आता आपले लिलाव व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांत चालतात. रात्री नऊला फोटो पडतो, दहापर्यंत बोली, आणि जिंकलात की लगेच यूपीआय. पैसे गेले ते गेले, मध्ये कुणीही नाही. गटाचा ॲडमिन फार तर विक्रेत्याला गटाबाहेर काढेल, तो दुसऱ्या नावाने परत येईल. दुकान किंवा संकेतस्थळ असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा आधार आहे, जाहिरातीप्रमाणे माल नसेल तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. गटातल्या हौशी विक्रेत्याशी मात्र पैसे पाठवण्याआधीच बोलायचं. मी एकच प्रश्न विचारतो, तोही लेखी : ‘डायल पुन्हा रंगवलंय का? हो की नाही?’ ‘अप्रतिम पीस आहे सर’ असं उत्तर आलं की बोली लावत नाही. ‘हो, रंगवलंय, पण काम चांगलं आहे’ असं म्हणणाऱ्याकडून मी आनंदाने घेतो, किंमत त्या मानाने ठरवतो.

ताई, वडिलांसाठी घ्यायचंच असेल तर हे परत करून दुसरं शोधा, आणि या वेळी तळाच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा फोटो बोली लावण्याआधी मागा. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा लिलाव सोडून द्या, सेको फाइव्ह लाखांनी बनली आहेत.

बांधाबांधीचा विषय पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ज्यांची पार्सलं यायची आहेत, त्यांनी खोकं आणि त्यावरचं लेबल फेकू नये.