बूट उलटा करून बघा
घरखर्चाची वही : लेखांक ९

गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नाला निघताना माळ्यावरून बुटाचा खोका काढला. सात वर्षांपूर्वी चार हजार आठशेला घेतलेला जोडा. लग्नकार्यापुरता बाहेर काढायचा, पुसायचा आणि परत खोक्यात ठेवायचा, असाच तो जपलेला. वरचं चामडं अजून नव्यासारखं होतं. अक्षता पडायच्या आधीच उजव्या टाचेखाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर मांडवातल्या गालिच्यावर काळा भुगा पडलेला. पंगत बसेपर्यंत दोन्ही तळवे शिळ्या भाकरीसारखे चुरून गेले होते. उरलेलं लग्न मेहुण्याची चप्पल घालून पार पाडलं.

दुसऱ्या दिवशी तो जोडा चोपड्याला बसस्थानकाजवळ जोडे शिवत बसणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी बूट उलटा केला, रापीचं टोक कडेला लावून जरा दाबलं आणि उरलासुरला तळवा एका ओढीत हातात काढून दिला. म्हणाले, “भाऊ, हाऊ जोडा शिवेल नही, निस्ता चिकटाडेल शे.”

महाग बूट परवडतो का, असं या लेखमालेच्या तीन-चार वाचकांनी विचारलं होतं. माझ्या मते निम्मं उत्तर काकांच्या त्या एका वाक्यात आहे.

आधी भुग्याचं सांगतो, कारण हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. आजकालच्या पुष्कळ बुटांचा तळवा पॉलियुरेथेनचा असतो. दुकानदार त्याला ‘पीयू सोल’ म्हणतात. वजनाला हलका आणि पायाला मऊ, म्हणून तो चालतो. पण हवेतली ओल या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या आतून तोडत राहते. बूट घाला नाहीतर खोक्यात ठेवा, ते तुटणं थांबत नाही. बंद खोक्यात पावसाळ्याची ओल कोंडली तर उलट वाढतं. काही वर्षांनी तळवा दिसायला धड असतो, पण पायाचं वजन पडताच चुरतो. म्हणजे पीयू सोलचा बूट जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. घेतलाच तर रोज वापरा.

दुसरा प्रश्न चिकटवण्याचा. कारखान्यात वरचा भाग आणि तळवा यांच्यामध्ये गोंद लावून दाबतात, की झाला बूट तयार. स्वस्त बूट असे बनतात आणि चांगल्या नावाचे महाग बूटही बरेचदा असेच बनतात. हा गोंद उष्णतेने मऊ पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि डांबरी रस्ता तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. अशा रस्त्यावरून रोज चालायचं, बूट गाडीच्या डिकीत ठेवायचे, वर पावसाळ्यात काळ्या मातीचे चिकट लोंदे तळव्याला ओढ देणार. मग पुढचं तोंड उघडतंच.

शिवलेल्या बुटाची गोष्ट वेगळी. त्यातली नावाजलेली रीत म्हणजे ‘गुडइयर वेल्ट’. रबर पक्कं करण्याची ‘व्हल्कनायझेशन’ ही रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाचं नाव तिला मिळालं, कारण अमेरिकेत १८७० च्या दशकात या शिलाईचं यंत्र त्याने पुढे आणलं. यात बुटाच्या कडेने चामड्याची एक पट्टी फिरते. वरचं चामडं आणि आतला तळवा त्या पट्टीला शिवतात. बाहेरचा तळवा वेगळ्या शिलाईने त्याच पट्टीला शिवतात. तळवा झिजला की फक्त बाहेरची शिलाई उसवायची आणि नवा तळवा बसवायचा. वरच्या चामड्याला सुई लागत नाही. असा बूट दोन-तीनदा तळवा बदलून वापरता येतो.

आता वही उघडू. आकडे माझ्या घरचे आणि ओळखीच्या दोन-तीन घरांतले आहेत. सातशेचा चिकटवलेला बूट नोकरीवर रोज घातला तर नऊ महिने जातो. सहा वर्षांत आठ जोड, म्हणजे ५,६०० रुपये. पुण्यातल्या भावाने साडेपाच हजारांचा वेल्ट केलेला बूट घेतला, सहा वर्षांत दोनदा तळवा बदलला, दर वेळी नऊशे. एकूण ७,३०० झाले. बूट अजून चालू आहे, पाय दुखत नाहीत, पण पैसे वाचले असं म्हणता येणार नाही. शिवाय तो पुण्यात आहे. चोपड्यातून तोच बूट दुरुस्तीला पाठवायचा तर येण्याजाण्याचा खर्च आणि पंधरा दिवस बुटाविना काढायचे. तिसरा हिशेब माझ्या चुलतभावाचा. बावीसशेचा साधा चामडी बूट, तळवा रबरी पण कडेने शिवलेला. दीड वर्षाने इथेच पाचशेत तळवा बदलला, बूट तीन वर्षं टिकला. सहा वर्षांत असे दोन जोड धरले तर ५,४०० होतात. स्वस्त बुटाइतकेच पैसे, आणि सहाही वर्षं पायात धड बूट.

करही याच बाजूने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढच्या जोडीवर १८ टक्के. आधी ही रेषा हजारावर होती, म्हणजे बावीसशेच्या बुटालाही १८ टक्के भरावे लागत. मध्यम किमतीचा चांगला बूट घेण्याला इतके अनुकूल दिवस बऱ्याच वर्षांत आले नव्हते.

किंमत आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, ते आपल्या कोल्हापुरीने सगळ्या जगाला दाखवलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या महागड्या कंपनीने तशाच चपला सादर केल्या. आपल्याकडून ओरड झाल्यावर त्यामागची प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं कंपनीने मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं, तळव्याला चामड्याच्याच वादीची शिलाई, लोखंडी खिळा नाही. तेल देत राहिलं आणि पाण्यापासून लांब ठेवली तर खरी कोल्हापुरी वर्षानुवर्षं जाते. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात ती कोकणापेक्षा बरी टिकते, तिकडे तिला बुरशी धरते. हे सगळं हजार-दोन हजारांत मिळतं. त्यावर कुणी नाव छापून किंमत कित्येक पट केली तरी शिलाईचा एक टाकाही वाढत नाही.

तेव्हा दुकानात गेल्यावर आधी बूट उलटा करा. कडेने दोऱ्याचे टाके दिसतात का बघा, आणि ते खरे आहेत की रबरात नुसते छापलेले, ते नखाने पाहा. बूट वाकवा, चामड्याला बारीक सुरकुत्या पडतात, रेक्झिनला एकच जाड घडी पडते. दोन जोड आलटून पालटून घाला, म्हणजे घामाने भिजलेलं चामडं वाळायला एक दिवस मिळतो. चिकटवलेलाच घ्यावा लागला तर पायात घालायच्या आधी काकांकडे नेऊन कडेने पूर्ण शिलाई मारून घ्या. आपले वडील, आजोबा नव्या चपलेला हेच करत. मी मागच्या महिन्यात ऐंशी रुपये दिले. काकांनी आरीने एकेक भोक पाडलं, खालून मेणाचा दोरा वर ओढला, प्रत्येक टाका बोटाने दाबून पाहिला. अर्धा तास लागला. त्या कामाला घासाघीस करू नका. ते काका तिथून उठून गेले तर आपल्या गावात कुठलाच महाग बूट परवडणार नाही.

एका माणसाला मात्र यातला एकही हिशेब लागू पडत नाही. अडावद, धानोरा, लासूरच्या शिवारात केळीला पाणी भरणारा किंवा कापूस वेचणारा मजूर दीडशेची रबरी स्लिपर घेतो, वर्षाला तीन-चार वेळा घेतो. शिवलेला बूट जास्त टिकतो हे त्यालाही कळतं. बावीसशे रुपये एकरकमी हातात येत नाहीत, ही अडचण आहे. आणि त्याला लागतोही वेगळाच जोडा: चिखलाच्या सरीत चामडं कुजतं, तिथे घोट्यावर येणारा गमबूटच हवा. विंचू-सापाच्या रानात उघड्या पावलांनी रात्रीचं पाणी भरणं धोक्याचं आहे, हे प्रत्येक शेतमालकाला माहीत आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे वर्षभरासाठी सालदार ठरतात. पूर्वी सालाच्या बोलीत कपड्यांबरोबर पायातला जोडाही असे. शेती असलेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे: यंदा सालाची रक्कम ठरली की सालदाराला सोबत घेऊन दुकानात जा, आणि त्याच्या पायाच्या मापाचा गमबूट व एक शिवलेली चप्पल आपल्या पैशाने घेऊन द्या. ही रक्कम सालातून कापू नका.