दहा दिवसांचा हंगाम

‘प्रीमियर फुटसाल’ या लीगचा पहिला हंगाम १५ ते २४ जुलै २०१६ या दहा दिवसांत आटोपला. सहा शहरांच्या नावाने सहा संघ उभे राहिले होते आणि त्यांतला एक होता बेंगळुरू फाइव्ह्ज. मँचेस्टर युनायटेडचा पॉल स्कोल्स हा त्याचा मार्की खेळाडू. सामने चेन्नईत आणि गोव्यात झाले, बंगळुरात एकही झाला नाही. या संघाचा जो सामना लोकांच्या लक्षात राहिला, तोही दुसऱ्याच्या पराक्रमामुळे: गोव्याकडून खेळणाऱ्या रोनाल्डिन्होने एकट्याने पाच गोल केले आणि गोव्याने ७–२ असा विजय मिळवला. अंतिम फेरीत मुंबई आणि कोची पोचले, पेनल्टींवर मुंबई जिंकली. पुढच्या वर्षी संघाचे नाव बदलून बेंगळुरू रॉयल्स झाले, मुंबई आणि दुबईबरोबर बंगळुरातही सामने झाले, आणि त्यानंतर तिसरा हंगाम आलाच नाही. ज्या शहराचे नाव पाठीवर घेऊन हा संघ खेळला, त्या शहराशी त्याचे नाते जुळले नाही, आणि माझ्या मते त्याच्या अल्पायुष्याचे मूळ हेच आहे.

फुटसालला फुटबॉलची छोटी आवृत्ती समजणे चूक आहे. १९३०च्या सुमारास मोंतेविदेओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बंदिस्त जागेसाठी हा खेळ बसवला. साधारण चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद कोर्ट, टणक सपाट जमीन, गोलरक्षकासह पाच जण, आणि मुद्दाम कमी उसळणारा लहान चेंडू. थांबलेला खेळ चार सेकंदांत सुरू करावा लागतो. एका अर्ध्यात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला भिंतीविना थेट फटका मिळतो, म्हणून धसमुसळेपणा परवडत नाही. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात, त्यामुळे दमलेला माणूस कोर्टवर राहतच नाही आणि वेग शेवटपर्यंत टिकतो. तळव्याने चेंडू थांबवणे, पास देताक्षणी जागा बदलणे, कोंडीत सापडल्यावर खांद्याच्या हुलकावणीने वाट काढणे, या सवयी लहानपणापासून अंगात मुरलेल्या असाव्या लागतात. रोनाल्डिन्हो बालपणी हाच खेळ खेळला होता. स्कोल्स अव्वल मिडफिल्डर, पण मोठ्या मैदानावर घडलेला. त्या ७–२ मध्ये हा फरकही असावा, असे मला वाटते.

बंगळुरात फुटबॉलची माती नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. १९३७ साली मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकणारा बँगलोर मुस्लिम्स हा पहिला भारतीय संघ होता, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. ऑस्टिन टाउन, गौतमपुरा या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू आले, आणि गौतमपुऱ्यात तर पेलेचा पुतळा उभा आहे. आज शहरभर जाळी लावलेली टर्फ आहेत, तिथे ऑफिस सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत पाच-पाचचे सामने रंगतात. पण टर्फवरच्या कृत्रिम गवतात नेहमीच्या चेंडूने खेळलेला खेळ फुटसाल नव्हे. तो तासाच्या भाड्याने चालतो, तिथे नोंदणी नाही, पंच नाही, गुणतक्ता नाही. खेळणारे हजारो आहेत, त्यांना वर नेणारी पायरी नाही. बेंगळुरू फाइव्ह्जने ती पायरी बांधली नाही, परदेशी फुटसालपटू, एक निवृत्त तारा आणि काही भारतीय खेळाडू एकत्र करून थेट माळा उभारला.

यावर पहिला आक्षेप असा की नवा खेळ लोकांपर्यंत न्यायला मोठी नावे लागतातच, प्रो कबड्डीनेही झगमगाटच वापरला. खरे आहे. पण २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तिच्याखाली लालबाग-परळची मंडळे होती, जिल्हा संघटना होत्या, रेल्वे, पोलीस आणि बँकांचे संघ होते, गावच्या जत्रेतले सामने होते. दिवे लावायला घर आधीच उभे होते. म्हणून बेंगळुरू बुल्सचा चढाईपटू टीव्हीवर दिसला की कुठल्या तरी गावाला तो आपला वाटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या लीगला मान्यता दिली नाही, मग ती टिकणार कशी? अडथळा मोठाच होता, आणि महासंघाचा दोष मी कमी लेखत नाही. त्याची स्वतःची राष्ट्रीय फुटसाल क्लब स्पर्धा थेट २०२१च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत झाली, आणि भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत उतरला तो २०२३ मध्ये. तरीही मान्यतेने फार तर तारखा मिळाल्या असत्या. दहा दिवस संपल्यावर उरलेल्या वर्षभर त्या भारतीय खेळाडूंनी कुठे खेळायचे, याचे उत्तर त्या कागदातून मिळाले नसते.

उत्तर शहरातच आहे, आणि ते खर्चिकही नाही. बंगळूर जिल्ह्यात सुपर डिव्हिजनपासून खालपर्यंत क्लबांची उतरंड पूर्वीपासून आहे. पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरतात, सराव बुडतो. त्याच महिन्यांत या क्लबांनी कोरमंगलासारख्या इनडोअर स्टेडियममध्ये आणि महाविद्यालयांच्या बास्केटबॉल कोर्टांवर फुटसालचे संघ उतरवले, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा वेगळा गट ठेवला, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी-रविवारी सामने होतील. कोर्टवर फुटसालच्या रेषा आखायच्या, तीन मीटर रुंदीचे गोल आणायचे, कमी उसळीचे चेंडू घ्यायचे आणि चार सेकंद मोजणारे पंच तयार करायचे, एवढीच सुरुवातीची यादी आहे. प्रेक्षक पहिल्या वर्षी आई-वडील आणि गल्लीतली पोरे असतील. पहिल्या हंगामाला तेवढे पुरेत, कारण ते दुसऱ्या वर्षीही येतील.