पिन का उडते?

गिटारची तार पिनेने धरून ठेवलेली असते, असा आमच्या विंगमधला सर्वमान्य समज. माझाही होता. म्हणूनच पहिली गिटार बांधताना पिन उडू नये म्हणून मी ती अंगठ्याने जोर लावून दाबली, आणि शिसवी ब्रिजला एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ चीर गेली. पंधरा दिवसांचं काम, एक 'टच्'!

घोळ टेपरचा होता. पिन खाली निमुळती होत जाते. बाजारात ३ अंशांच्या मिळतात, ५ अंशांच्याही. ब्रिज, वरची फळी आणि तिला आतून चिकटवलेली ब्रिज-प्लेट मिळून जाडी साधारण १५ मिमी. तेवढ्या खोलीत ३ अंशांची पिन ०.८ मिमीने बारीक होते, ५ अंशांची १.३ मिमीने. माझा रीमर ३ चा, पिना ५ च्या. म्हणजे वर घट्ट, खाली मोकळी. दाबली की पाचरच. शिवाय लाकडाचे रेषे ब्रिजच्या लांबीने जातात आणि भोकंही त्याच ओळीत. चीर दुसरीकडे जाणार कुठे?

ब्रिज गरम करून काढला. नव्याला खाली भंगार फळी ठेवून ५ मिमीची भोकं पाडली, चिकटवला, आणि ३ अंशांच्या पिना आणल्या. रीमर हातानेच फिरवायचा: दोन वेढे, पिन घालून बघा, परत दोन वेढे. घाई केली की भोक मोठं होतं, ते लहान करायला रीमर नाही मिळत राव!

खरी गंमत पुढे. भोकाच्या सॅडलकडच्या भिंतीत तार जेमतेम बसेल एवढी खाच बारीक करवतीने थेट प्लेटपर्यंत कापायची आणि वरची कड कानशीने गोल करायची. आता तार खाचेत जाते, पण टोकाचा मणी खाचेतून वर येऊ शकत नाही. तो प्लेटला खालून अडकतो. एका तारेची ओढ १० ते १४ किलो, ती सगळी प्लेटवर. पिनेचं काम फक्त मणी मागे सरकू न देणं. मणी प्लेटऐवजी पिनेच्या टोकाखाली बसला, तर तीच ओढ पिनेला वर ढकलते. मग गॅदरिंगच्या ऐन स्टेजवर ती उडते.

तुमची उडत असेल, तर हातोडी शोधण्याआधी दाढीचा आरसा आणि टॉर्च घेऊन गिटारच्या पोटात डोकावा. मणी कुठे बसलाय ते लगेच दिसेल.